फ्रेंच विशेषणे: उच्चाराची फोड आणि शब्दाची फोड

फ्रेंच नव्याने शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला विशेषणांची बदलती रूपे परकी वाटत नाहीत, कारण चांगला, चांगली, चांगले ही सवय त्याला घरचीच असते. फरक असा, की मराठीत बदल अंत्य स्वरात होतो, तर फ्रेंचमध्ये तो बहुधा शेवटचे व्यंजन ऐकू येण्या-न येण्यावर ठरतो. म्हणून मी शिकताना स्त्रीलिंगी रूप आधी पाठ केले आणि नवशिक्यांनाही तेच सुचवते. ‘हिरवी’ या अर्थाचे ‘व्हेर्त’ तोंडात बसले, की शेवटचा ‘त’ गाळून पुल्लिंगी ‘व्हेर’ मिळते. ‘मोठी’ या अर्थाच्या ‘ग्राँद’वरून ‘ग्राँ’ही तसेच. उलट दिशेने गेल्यास कोणते व्यंजन जोडायचे, हे कानाला कळत नाही.

हे मुके व्यंजन पुढे स्वर आला की जागे होते. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या सिलॅबलमध्ये, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यात, जाते आणि हा नियम दोन शब्दांमधली सीमाही जुमानत नाही. ‘प्ती’ म्हणजे लहान, ‘आमी’ म्हणजे मित्र. एकत्र म्हणताना मात्र ‘प्ती-ता-मी’, म्हणजे प्रियकर. प्रेयसीसाठी लिहिताना दोन ‘ई’ (e हे अक्षर) अधिक लागतात, पण उच्चार तोच राहतो. ‘ग्राँ’मधला मुका ‘द’ तर अशा वेळी ‘त’ होऊन येतो: मोठे झाड म्हणजे ‘ग्राँ-तार्ब्र’.

खरा अभ्यास उपसर्गांपाशी लागतो. ‘पॉसिब्ल’ म्हणजे शक्य, याला नकारार्थी उपसर्ग लागून ‘अँ-पॉ-सिब्ल’ होते, तर ‘यूतिल’ म्हणजे उपयुक्त, याला तोच उपसर्ग लागून ‘इ-न्यू-तिल’. पहिल्यात पुढे व्यंजन असल्याने स्वर अनुनासिक राहतो. दुसऱ्यात पुढे स्वर असल्याने ‘न’ तिकडे सरकतो आणि मागचा स्वर शुद्ध होतो. आपल्या ‘अनुचित’मध्ये घटक ‘अन्’ आणि ‘उचित’ असले, तरी आपण अ-नु-चित असेच म्हणतो. हे उदाहरण मनाशी धरले, तर उच्चाराची सीमा आणि शब्दघटनेची सीमा वेगळ्या असतात हे चटकन पटते.

त्यामुळे वहीत प्रत्येक विशेषण दोनदा फोडून लिहावे, आधी उच्चाराप्रमाणे आणि खाली घटकांप्रमाणे. अप्रामाणिक या अर्थाचा शब्द वर ‘मा-लॉ-नेत’, तर खाली ‘माल’ अधिक ‘ऑनेत’ असा दिसेल. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियम मात्र लेखनाचे आहेत, ते यात मिसळू नयेत: तिथे लागोपाठ दोनदा लिहिलेले व्यंजन मधोमध तुटते आणि मुका ‘ई’ही मोजला जातो, म्हणून ‘अँपॉसिब्ल’चे लेखी तुकडे चार होतात, बोलताना तीन. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ किंवा मार्सेयकडच्या माणसाच्या तोंडी मात्र तो शेवटचा ‘ई’ अनेकदा स्पष्ट ऐकू येतो, आणि तिथे बोलतानाही चारच भरतात.