खुब्याचं ऑपरेशन आणि गरीचा नाद: आधीची आणि नंतरची तयारी

खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं की दवाखान्यातून सूचनांचा कागद मिळतो. त्यात झोपायचं कसं, जिना चढायचा कसा, अंघोळ कधी करायची, हे सगळं असतं. तलावाच्या पाळीवर बसायचं कसं, हे नसतं. भंडारा-गोंदियाकडच्या गरीवाल्याला, म्हणजे गळ टाकून मासे धरणाऱ्याला, तर पहिला प्रश्न तोच पडतो. परत गरी टाकता येईल का जी? बहुतेकांना येते. उकिडवं बसणं मात्र सोडावं लागतं, आणि त्याची सवय ऑपरेशनच्या आधीच लावून घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

उकिडवं बसलं की गुडघा छातीजवळ येतो आणि खुबा ९० अंशांच्या पलीकडे वाकतो. नव्या सांध्यात वाटी असते आणि त्यात फिरणारी गोळी असते. भोवतीचे स्नायू आणि पडदे भरून येईपर्यंत, साधारण ६ ते १२ आठवडे, फार वाकलं, पायावर पाय टाकला किंवा पाऊल आत वळवलं तर गोळी वाटीतून निसटू शकते. मागच्या बाजूने चिरा देऊन ऑपरेशन झालं असेल तर हा धोका जास्त. आपल्या बाबतीत कोणती बंधनं, किती दिवस, हे सर्जनला आधीच विचारून लिहून घ्या. विचारताना "मी तासन् तास पाळीवर बसतो, चिखलात उतरतो, डोंग्यात (छोट्या होडीत) बसतो" हे सगळं सांगा. न सांगता त्यांना कळणार कसं?

तारीख धरताना शेती आणि पाणी दोन्ही बघा. घाई नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर धान कापून-चुरून झाल्यावरचा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. घरच्यांचे हात मोकळे असतात, वाटा कोरड्या असतात, आणि होळीच्या सुमारास तलावाचं पाणी उतरू लागतं तोवर अंगात चालण्याचं बळ आलेलं असतं. पावसाळ्यात वॉकर घेऊन अंगणातल्या चिखलातून संडासला जाणं म्हणजे पडायला आमंत्रण. खुबा मोडला असेल तर मुहूर्त बघत बसू नका, तेव्हा लवकर ऑपरेशन होणंच महत्त्वाचं.

आता शरीराची तयारी. खर्रा, तंबाखू, बिडी आजच बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी सोडलं तर उपयोग दिसतो. साखर ताब्यात हवी, हिमोग्लोबिन तपासलेलं हवं. किडलेला दात, लघवीची जळजळ, अंगावरचं गळू यांचे उपचार आधी उरकून घ्या. धानाच्या बांधीत, म्हणजे चिखलाच्या शेतात, राबणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतात, टाचांना भेगा असतात, गरीवाल्याच्या बोटात गरी रुतल्याची जखम असते. हे सगळं सर्जनला दाखवा. अशा एका पिकलेल्या जखमेपायी ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि ते योग्यच आहे, कारण जंतू नव्या सांध्यावर जाऊन बसले तर काढणं फार अवघड. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतील, मनाने बंद करू नका. घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. आपल्या भागात तरुण वयात खुबा खराब होण्याचं ते एक मोठं कारण आहे. हाडाच्या गोळीला होणारा रक्तपुरवठा तुटतो आणि ती खचत जाते. अशा रुग्णाला ऑपरेशनच्या वेळी पाणी, ऑक्सिजन आणि ऊब यांची वेगळी काळजी लागते.

रेशनकार्ड आणि आधार यांवरचं नाव एकसारखं आहे का ते बघा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन कुठे बसतं, हे योजनेतल्या दवाखान्यातला आरोग्यमित्र सांगतो. भरती होण्याआधी त्याला भेटा.

घरात दोराची किंवा पट्टीची खाट असेल तर ती बाजूला ठेवा, तिच्यात माणूस खोल बसतो. तखत किंवा दिवाण बरा, आणि बुटका असेल तर पायांखाली विटा द्या. मोजमाप सोपं आहे: बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहिले पाहिजेत. हाच नियम खुर्चीला, न्हाणीतल्या स्टुलाला आणि संडासाला. देशी संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते. ती आधी आणून चार दिवस वापरून बघा, डगमगत असेल तर तेव्हाच कळेल. ओली सारवलेली जमीन, उंबरठा, पायात येणारी कोंबडी, छपरीतला अंधार, सगळ्याचा बंदोबस्त करा. गुळगुळीत झालेली स्लीपर फेकून द्या, मागून पट्टा असलेली चप्पल घ्या.

दवाखान्यात बहुतेकांना दुसऱ्या दिवसापर्यंत उभं करतात. घाबरू नका, उभं राहणं हाच उपचार आहे. पाऊल वर-खाली हलवण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करा, त्याने पोटरीत रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी होतो. काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. घरी आल्यावर पोटरी सुजून दुखली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अचानक दम लागला, छातीत दुखलं, किंवा जोराची कळ येऊन पाय आखूड आणि वळलेला दिसला तर १०८ ला फोन करा. असा पाय घरी कुणालाही ओढू देऊ नका.

टाके निघाले म्हणजे तलावात उतरायची मुभा मिळाली असं नाही. जखम पूर्ण भरली असं डॉक्टर म्हणेपर्यंत बोडीच्या (लहान तळ्याच्या), म्हशी बसणाऱ्या पाण्यात पाय घालायचा नाही. पाळीवर जायला परवानगी मिळाली की पहिल्या खेपेला गरी नेऊच नका, नुसती जागा बघून या. रस्त्याला लागून सपाट, कोरडी, सावलीची जागा निवडा. सांडव्याजवळचा सिमेंटचा ओटा बसायला सोयीचा वाटतो, पण शेवाळ असेल तर तो टाळा. प्लास्टिकच्या खुर्चीचे बारीक पाय ओलसर मातीत हळूहळू रुततात, बैठक खाली जाते आणि खुर्ची एका अंगाला कलते. म्हणून हातवाली, टणक खुर्ची घ्या आणि खाली लाकडी फळी टाका. गांडुळांचा डबा, ढेपेचे गोळे, पाण्याची बाटली खुर्चीच्या उंचीच्या स्टुलावर ठेवा. सगळ्यात जास्त वाकणं त्या डब्यापायीच होतं.

डावा खुबा बदलला असेल तर काठी उजव्या हातात येते, आणि गरी फेकायचा हातही बहुतेकांचा तोच. म्हणून उभ्याने फेकायचं नाही. आधी बसा, काठी आडवी ठेवा, मग गरीला हात लावा. उठताना खुर्चीच्या कडेला सरका, ऑपरेशनचा पाय पुढे करा, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून उठा. मरळ अवचित झटका देते आणि माणूस पाय रोवून कंबरेतून वळतो. नेमकं तेच टाळायचं आहे. उभे असाल तर छोट्या पावलांनी सगळं अंग वळवा. दोर शिंगाड्याच्या वेलात किंवा बेशरमाच्या झुडपात अडकला तर हिसकू नका, कापून टाका. दोर स्वस्त आहे. मासा जमिनीवर तडफडू लागला तर त्याच्यामागे वाकायचं नाही. लांब दांड्याची जाळी ठेवा, नाहीतर सोबतीला एखादं पोरगं न्या. तसंही सुरुवातीचे काही महिने एकट्याने जाऊच नये.

मोटारसायकलवर टांग टाकणं, डोंग्यात चढणं आणि गाळातून चालणं, या तिन्हींसाठी डॉक्टरांची वेगळी परवानगी घ्या. डोंगा सगळ्यात शेवटी, कारण त्यात बैठक खोल असते आणि उठायला धरायला काही नसतं. बसवलेल्या सांध्याचे स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा, पुढे कधी दुसऱ्या दवाखान्यात दाखवायची वेळ आली तर ते मागतात. आणि पुढच्या कितीही वर्षांत गरी किंवा माशाचा काटा बोटात शिरून पिकला, तर हळद भरून वाट बघू नका. डॉक्टरकडे जा आणि खुबा बदललेला आहे हे आधी सांगा.