सेल्फ नुसता टक करतोय? बॅटरी बदलायच्या आधी अर्थिंग बघा

पहाटे साडेचारला कांदा भरून पिकअप उभी, लासलगावला लवकर नंबर लावायचाय आणि चावी फिरवली की नुसता टक. परत फिरवली, परत टक. माझ्या गाडीला हे महिनाभर चाललं होतं, एकाने सांगितलं बॅटरी गेली म्हणून नवीन टाकली, आठ दिवस बरं चाललं, मग दुसरा म्हणाला सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, खोलावा लागेल. शेवटी निघालं काय, तर इंजिनकडून चासीला येणारी अर्थिंगची पट्टी, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी तारांची पट्टी, बोल्टाखाली गंजून गेलेली. म्हणून खिशात हात घालायच्या आधी एवढं घरीच करून बघा.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड. हेडलाइट लावा, घरातलं कोणीतरी समोर उभं करा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम मरत असेल तर बॅटरी उतरलीये नाहीतर टर्मिनल ढिलं आहे. लाइट तसाच भक्क राहून टक येत असेल तर अर्थिंग किंवा सेल्फवर संशय घ्या. टकसुद्धा येत नसेल तर फ्यूज, रिले, सेल्फवरची बारकी वायर, आधी ते बघा.

मल्टिमीटर असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर लावा. १२.६ च्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली, १२ च्या खाली गेलं तर उतरलेली. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पावडर असेल तर खायचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने धुवा, पण धुवायच्या आधी वायर काढा, काढताना पहिले मायनस आणि लावताना मायनस शेवटी. उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी बघाच मग.

आता खरी युक्ती. जंपर केबलचं (दोन्हीकडे चिमटे असलेली जाड वायर) एक टोक बॅटरीच्या मायनसला लावा, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला, रंग नसलेला जाडसर बोल्ट बघून. फॅन आणि बेल्टपासून केबल लांब ठेवा. आता सेल्फ मारा. घर्रकन फिरला की समजा बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, वाट अर्थिंगची लागलीये. मल्टिमीटरवाल्यांनी काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल इंजिनला लावून सेल्फ मारताना बघायचं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर तेच निदान.

दुरुस्ती अगदी साधी आहे. बॅटरीचा मायनस सोडा, गाडीखाली जाऊन पट्टीचे दोन्हीकडचे बोल्ट काढा, पट्टीचं तोंड आणि चासीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. वरवर घासून चालत नाही, खालचं लोखंड दिसलं पाहिजे. पट्टीचे धागे तुटलेले असतील तर नवीनच टाका, सेल्फच्या मानाने ती किरकोळ किमतीत मिळते. बोल्ट आवळून मग वरून व्हॅसलीन. गाडी चालू झाली की बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे, कमी दिसलं तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) किंवा बेल्ट बघायला लागेल.

रस्त्यात अडकलात तर मोठ्या ट्रककडून करंट घेऊ नका, त्यांचं काम बहुतेक २४ व्होल्टचं असतं, आपली पिकअप १२ ची, सगळं वायरिंग भाजून निघेल. आणि सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर भानगड बहुतेक डिझेलची आहे, फिल्टरमधलं पाणी काढा, हँडपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. पण कॉमन रेल गाडीचे, म्हणजे खूप जास्त प्रेशरने डिझेल सोडणाऱ्या इंजिनाचे, इंजेक्टरचे पाइप सोडायला अजिबात जाऊ नका, तिथलं प्रेशर माणसाची कातडी फाडतं.

अजून एक, माझ्या गाडीत ही पट्टी खराब झाली ती चासीला रंग मारून आणल्यावर. पेंटरने बोल्ट सोडले, खाली रंग फिरवला, पट्टी त्यावरच आवळली. त्यामुळे गाडी रंगाला सोडताना त्या जागेवर स्वतः टेप चिकटवून द्या.