निंजुत्सूतील शस्त्रे : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

निंजुत्सूच्या, म्हणजे जपानी निंजांच्या युद्धविद्येच्या, वर्गात नाव घालणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चांदणीच्या आकाराचे शुरिकेन हे फेकायचे शस्त्र, साखळीला जोडलेला कोयता आणि पाठीवर बांधलेली सरळ पात्याची तलवार असते. पहिले काही महिने यांतले काहीच हाती दिले जात नाही म्हणून त्यांतले बरेच जण वर्ग सोडतात. मी बुजिन्कान परंपरेत आधी भारतात आणि पुढे नोकरीनिमित्त तोक्योत राहत असताना शिकलो. या विद्येत शस्त्र कोणत्या क्रमाने हाती येते आणि तो क्रम तसाच का आहे, हे सुरुवातीलाच समजले तर गळती कमी होईल, असे मला वाटते.

बुजिन्कानचे संस्थापक मासाकी हात्सुमी यांचा जन्म १९३१ साली चिबा प्रांतातील नोदा येथे झाला. त्यांचे गुरू तोशित्सुगु ताकामात्सु (१८८९–१९७२) हे नारा भागात राहत. त्यांच्याकडून हात्सुमींकडे नऊ परंपरा आल्या. (नावातील ‘र्‍यू’ म्हणजे परंपरा.) या नवांपैकी तोगाकुरे-र्‍यू, ग्योकुशिन-र्‍यू आणि कुमोगाकुरे-र्‍यू या तीनच निंजांच्या म्हणून ओळखल्या जातात. उरलेल्या सामुराई युद्धविद्येच्या आहेत. काठी, भाला आणि तलवार यांचे बहुतांश शिक्षण कुकिशिन्देन-र्‍यूमधून येते. म्हणजे ‘निंजांची शस्त्रे’ शिकायला आलेला माणूस प्रत्यक्षात बराच काळ सामुराईंची शस्त्रे शिकत असतो, आणि त्यात फसवणूक झाल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. तोगाकुरे-र्‍यूची प्राचीन वंशावळ अभ्यासकांमध्ये वादाचा विषय आहे, आणि सरळ पात्याची खास निंजा-तलवार त्या काळी वापरात असल्याचा पुरावा मिळालेला नाही. १६७६ साली संकलित झालेल्या ‘बान्सेन्शुकाई’ या निंजाविद्येवरील ग्रंथातही शत्रूच्या गोटात शिरणे, वेळ निवडणे, आग लावणे आणि कुलपे उघडणे यांवरच भर आहे. ज्यांना या इतिहासाची खरी ओढ आहे त्यांनी मिए विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय निंजा संशोधन केंद्राकडे वळावे. ते २०१७ मध्ये सुरू झाले असून इगा हा निंजांचा प्रदेश मिए प्रांतातच येतो.

आता प्रत्यक्ष शिक्षणाविषयी. पहिले काही महिने शस्त्राविनाच जातात. पडणे आणि लोळण घेणे, म्हणजे उकेमी. उभे राहण्याच्या पद्धती, म्हणजे कामाए. आणि वार चुकवत बाजूला सरकणे, एवढेच शिकवले जाते. हे कंटाळवाणे आहे, हे मान्य. परंतु बुजिन्कानमध्ये शस्त्राच्या हालचाली निःशस्त्र हालचालींवरच बेतलेल्या असतात, त्यामुळे पाय चुकीच्या जागी पडत असतील तर हातातली काठी ती चूक तीन फुटांनी लांबवते, एवढेच.

पहिले शस्त्र म्हणजे हान्बो, सुमारे ९१ सेंटीमीटर लांबीची आणि अडीच सेंटीमीटरच्या आतबाहेर जाडीची काठी. माझ्या मते नवशिक्याने सर्वाधिक वेळ हिच्यावर घालवावा. एक साधा सराव सांगतो. आपल्या उजव्या हातात काठी आहे आणि जोडीदाराने तेच मनगट पकडले आहे. काठीचे पुढचे टोक बाहेरून वर आणून त्याच्या मनगटावर आडवे ठेवायचे, ते टोक आपल्या डाव्या हाताने खालून धरायचे, म्हणजे त्याचे मनगट काठी आणि आपला हात यांच्या चिमट्यात सापडते. यानंतर प्रत्येक नवशिका दंडाच्या जोराने काठी खाली दाबतो आणि जोडीदार हसत उभाच राहतो. तेच, मागचा पाय थोडा बाजूला नेऊन, कोपर अंगाशी ठेवून आणि हात मुळीच न दाबता नुसते गुडघे वाकवले, तर संपूर्ण शरीराचे वजन काठीच्या कडेवरून मनगटाच्या हाडावर उतरते आणि धिप्पाड माणूसही खाली बसतो. जोडीदाराने मांडीवर किंवा जमिनीवर थाप मारली की त्याच क्षणी सोडायचे. जो सोडायला उशीर करतो त्याच्यासोबत सराव करू नये, मग त्याचा पट्टा कोणत्याही रंगाचा असो. हान्बोच्या ‘ओतोनाशी’ नावाच्या पवित्र्यात काठी दोन्ही हातांनी पाठीमागे धरतात, ज्यामुळे समोरच्याला तिची लांबी दिसत नाही. अंतर लपवणे हेही अंतर राखण्याइतकेच शिकायचे असते, हे प्रथम तिथे कळते.

हान्बोसाठी गाठी नसलेले, सरळ रेषांचे जड लाकूड घ्यावे. जपानमध्ये ओक वापरतात. वेळूची काठी स्वस्त पडते, पण आघाताने ती उभी चिरते आणि तिची धार तळहात कापते. काठीला व्हार्निश लावू नये, कारण घाम आला की हात चिकटतो. बारीक पॉलिश पेपरने घासून जवसाचे तेल चोळावे आणि सरावापूर्वी फडके फिरवून एखादे कूस वर आले आहे का ते पाहावे.

त्यानंतर येते रोकुशाकुबो, सुमारे १८२ सेंटीमीटरची लांब काठी. ज्यांनी गावाकडे लाठी फिरवली आहे त्यांना ती फिरवणे लवकर जमते, आणि नेमके त्यांनाच फिरवणे थांबवून टोकाने सरळ भोसकणे जड जाते. तिचा सराव मैदानातच करावा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तिचा पहिला बळी छताचा पंखा असतो.

तलवारीसाठी बोक्केन, म्हणजे लाकडी तलवार, असते, परंतु जोडीने सराव करताना वेळूच्या पट्ट्यांवर कातडी पिशवी चढवलेली फुकुरो-शिनाई मागून घ्यावी. लाकडाच्या भीतीने जोडीदार खोटा, लांबून वार करतो, आणि खोट्या वारावर शिकलेला बचाव निरुपयोगी असतो.

शुरिकेनविषयी मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. चांदणीच्या किंवा चौकोनी शुरिकेनचे कोणते ना कोणते टोक लक्ष्यात रुतते, त्यामुळे फेक चुकली तरी ती बरोबर वाटते. सळईसारखे बो-शुरिकेन हे खरे शिक्षक. ते मधल्या बोटाच्या लांबीवर, टोक वर ठेवून धरतात आणि हात खाली येताना ते बोटांवरून घसरत सुटावे लागते, म्हणजे हवेत गिरकी न घेता फक्त पाव वळसा घेऊन टोक पुढे येते. मनगटाने झटका दिला की ते आडवे आदळून परत येते. हे उसळून परत येणे हाच खरा धोका आहे. म्हणून लक्ष्य म्हणून घट्ट बांधलेला पेंढा किंवा जुनी तातामी (पेंढ्याची जाड जपानी चटई) घ्यावी, डोळ्यांना चष्मा लावावा, सुरुवात दोन-तीन मीटरवरून करावी आणि सर्वांची फेक संपल्यावरच एकत्र पुढे जाऊन शुरिकेन गोळा करावीत.

साखळीची शस्त्रे, म्हणजे टोकांना वजने असलेली साखळी कुसारी-फुन्दो आणि दोरीला लोखंडी कडे असलेले क्योकेत्सु-शोगे, दोरी आणि रबरी कड्यानेच शिकावीत. आपल्या वाघनखांची आठवण करून देणारे शुको हे तोगाकुरे-र्‍यूचे शस्त्र आकर्षक आहे, पण पायांचा पाया पक्का होईपर्यंत त्याचा उपयोग केवळ छायाचित्रांपुरता होतो.

जपानला जाऊन शिकायचे असेल तर नोदा येथील बुजिन्कानचा मुख्य दोजो (सरावगृह) आतागो स्थानकाजवळ आहे. हे शहर सोया सॉससाठीही प्रसिद्ध आहे. तेथे ठरावीक अभ्यासक्रम नसतो: शिक्षक एक हालचाल दाखवतात, लगेच तिचे रूप बदलतात, आणि पाया नसलेला पाहुणा गोंधळून जातो. ज्यांना कडक परीक्षा आणि क्रमवार पाठ हवे आहेत त्यांनी याच मुळातून निघालेल्या गेन्बुकान (१९८४) किंवा जिनेन्कान (१९९६) या संस्थांचा विचार करावा. बुजिन्कानमध्ये शिक्षकपद पाचव्या दानपासून (काळ्या पट्ट्याच्या पाचव्या श्रेणीपासून) मिळते. त्या परीक्षेत उमेदवार डोळे मिटून बसतो आणि मागून येणारा शिनाईचा वार त्याला चुकवावा लागतो. मात्र शिक्षकपद मिळाले म्हणजे उपजीविका मिळाली असे नाही. माझ्या ओळखीचे जवळजवळ सर्व शिक्षक दुसरी नोकरी सांभाळून शिकवतात.

शेवटी कायदा. जपानमध्ये सबळ कारणाशिवाय ६ सेंटीमीटरहून लांब पाते जवळ बाळगून फिरणे गुन्हा आहे, आणि ‘स्मरणवस्तू म्हणून घेतले’ हे कारण धरले जाईल याची खात्री बाळगू नये. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे नियमनाखाली येतात. विमानाने काठी किंवा बोक्केन न्यायची असल्यास ती चेक-इन सामानातच द्यावी लागते आणि लांबीची मर्यादा विमान कंपनीकडे आधी विचारावी लागते. धारदार वस्तू तर सोबत आणूच नयेत, कारण नवशिक्याला लागणारी सर्व साधने लाकूड, दोरी आणि रबर यांचीच असतात आणि ती इथेही करून मिळतात.