बरणीतली गोगलगाय: तळ्यातल्या छोट्या गोगलगायी ठेवाव्यात कशा आणि बघाव्यात कशा

तळ्यातल्या बारीक गोगलगायी बघायला बसताना नजर तळाशी लावू नका, पाण्याच्या पृष्ठभागावर लावा. यांतल्या बऱ्याच जाती राहतात पाण्यात, पण श्वास घेतात हवेतून. त्यांना कल्ले नसतात, फुप्फुस असते. त्या वर का येतात, तरंगतात कशा, घाण पाण्यात तग कशा धरतात, दचकल्या की एकदम बुडतात का, यातले बहुतेक सारे या एका गोष्टीपाशी येऊन मिळते.

आधी ओळख

शंखाच्या तोंडावर घट्ट बसणारे झाकण आहे का ते पाहा. गोगलगाय आत गेली की झाकण लागत असेल, तर ती बहुधा कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या गटातली आहे. आपल्याला हव्यात त्या बिनझाकणाच्या.

आता शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे असा धरा. तोंड उजव्या बाजूला आले आणि डोक्यावरची शिंगे चपटी, त्रिकोणी असली तर ती लिम्नियाच्या कुळातली. तोंड डाव्या बाजूला आले आणि शिंगे बारीक, लांब असली तर ती फायसा. शंखाला टोकच नसून तो सपाट चकतीत गुंडाळलेला असेल तर ती प्लॅनॉर्बिसच्या कुळातली. या चपट्यांच्या रक्तात हीमोग्लोबिन असते, त्यामुळे फिक्या रंगाच्या गोगलगायीचे अंग चक्क लाल दिसते. लिम्निया आणि फायसा यांच्या रक्तात त्याऐवजी तांबे असलेले हीमोसायनिन असते. डोळेही शोधा. जमिनीवरच्या गोगलगायीचे डोळे शिंगांच्या टोकाला असतात, तर या पाण्यातल्यांचे शिंगांच्या बुडाशी, दोन काळे ठिपके.

सुरुवातीला फायसा घ्यावी. ती चपळ आहे, काटक आहे आणि मत्स्यपेटीतल्या वनस्पतींवरून बिनबोभाट येते. मूळची उत्तर अमेरिकेतली ही गोगलगाय आता जवळजवळ सगळ्या खंडांत पोहोचली आहे.

एक खबरदारी, जी टाळू नये

तळ्यातून गोगलगाय उचलताना उघडा हात पाण्यात घालू नका. जाळी वापरा, रबरी हातमोजे घाला. गोड्या पाण्यातल्या अनेक गोगलगायी पर्णकृमींच्या, म्हणजे प्राण्यांच्या अंगात राहणाऱ्या चपट्या परजीवी कृमींच्या, वाहक असतात. लिम्नियाच्या कुळातल्या काही जाती गुराढोरांच्या यकृतातल्या पर्णकृमींना आसरा देतात. शिस्टोसोमा या कृमीची पिल्ले तर गोगलगायीतून पाण्यात उतरतात आणि थेट माणसाच्या कातडीतून आत शिरतात. बरणीला किंवा पाण्याला हात लागला की साबणाने धुवायचे, आणि घरात लहान मूल असेल तर बरणी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही.

यावर चांगला उपाय म्हणजे तळ्यातली मोठी गोगलगाय न आणता वनस्पतीला चिकटलेला अंड्यांचा पुंजका आणणे. तो स्वच्छ पाण्यात हलकेच विसळून वेगळ्या बरणीत ठेवा. हे कृमी अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाहीत. गोगलगायीला त्यांची लागण पाण्यात वावरतानाच होते. म्हणून स्वच्छ पाण्यात फुटलेल्या अंड्यांमधली पिल्ले निर्धास्त बघता येतात. थोडे थांबावे लागते एवढेच.

बरणी

दोन-तीन लिटरची, रुंद तोंडाची काचेची बरणी पुरते. ती काठोकाठ भरू नका. वर चार बोटे जागा सोडा, कारण हवेपर्यंत पोहोचता आले नाही तर या गोगलगायी अडचणीत येतात. तोंडावर पातळ कापड बांधा, नाहीतर फायसा रात्रीतून बाहेर पडते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते एक दिवस उघडे ठेवून मग वापरा. क्लोरामाइन घातलेले पाणी मात्र नुसते ठेवून सुधारत नाही, त्यासाठी मत्स्यपेटीत वापरतात ते क्लोरीन काढणारे औषध लागते. तांब्याची वस्तू किंवा तांबे असलेले माशांचे औषध पाण्यात कधीही जाऊ देऊ नका. जिच्या रक्तातच तांबे आहे तिला पाण्यात विरघळलेले तांबे अगदी थोडे असले तरी मारते, इतके की गोगलगायी मारायला मोरचूद वापरला जात असे.

पाणी फार मऊ असेल तर शंखाला खड्डे पडतात, टोक पांढरे पडून झिजते. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. अंड्याच्या उकळलेल्या टरफलाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवला की काम भागते. बरणी उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको.

खाण्याचे फार मनावर घेऊ नका. काचेवरचे शेवाळ आणि पालेभाजीचे वाफवलेले एखादे पान पुरे. उरलेले पान दुसऱ्या दिवशी काढायचे, कारण बरणीतले पाणी नासते ते बहुतेकदा जास्त खायला घातल्यामुळे. गोगलगाय काचेवर चरत असेल तेव्हा बाहेरून भिंग लावून तिचे तोंड बघा. ते उघडते, आतून एक दातेरी पट्टी पुढे येते, काच खरवडते आणि आत जाते. ही रॅड्युला. खवणीसारखी ती झिजत राहते, आणि मागून नव्या दातांच्या रांगा येत राहतात.

श्वास बघण्याची पद्धत

इथे घाई करू नका. बरणीसमोर डोळे पाण्याच्या पातळीला येतील असे बसा. गोगलगाय काचेवरून वर सरकते, पृष्ठभागाशी पोहोचते आणि शंखाच्या कडेला एक गोल छिद्र उघडते. हेच तिच्या फुप्फुसाचे दार. लिम्नियात ते उजवीकडे असते, फायसात डावीकडे, म्हणजे शंखाच्या वळणाच्याच बाजूला. छिद्र काही क्षण उघडे राहते, मिटते, आणि स्वारी खाली निघते.

आता मोजायला लागा. एकच गोगलगाय निवडून अर्ध्या तासात ती किती वेळा वर येते ते वहीत लिहा. मग दुसऱ्या बरणीत उकळून गार केलेले पाणी घ्या. उकळल्याने पाण्यातला प्राणवायू निघून जातो. गार होताना भांडे काठोकाठ भरलेले आणि झाकलेले हवे, नाहीतर तो पुन्हा विरघळतो. दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे झाले की तीच गोगलगाय त्यात सोडा आणि पुन्हा मोजा. खेपा वाढलेल्या दिसतील. एरवी ती कातडीतूनही पाण्यातला प्राणवायू घेत असते. तो मिळेनासा झाला की सगळा भार फुप्फुसावर येतो. वर हवा मोकळी आहे तोवर या प्रयोगाने तिला इजा होत नाही. तासाभराने तिला जुन्या बरणीत परत ठेवा.

तुमच्याकडे मोठी लिम्निया असेल तर याच पाण्यात आणखी एक गोष्ट करून बघता येते, आणि मला ती सगळ्यांत विलक्षण वाटते. श्वासाचे छिद्र उघडू लागले की मऊ कुंचल्याच्या टोकाने त्याच्या कडेला हलकेच स्पर्श करा. छिद्र मिटते. दर वेळी असेच केले तर काही वेळाने ती छिद्र कमी वेळा उघडू लागते. तिने धडा घेतलेला असतो आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकू शकतो. लिम्निया स्टॅग्नॅलिस या जातीच्या मध्यवर्ती चेतासंस्थेत जेमतेम वीस हजारांच्या आसपास चेतापेशी असतात, त्यांतल्या काही चांगल्या मोठ्या आणि एकेक ओळखता येण्याजोग्या. म्हणूनच स्मृती कशी घडते हे शोधणाऱ्या प्रयोगशाळांनी ही गोगलगाय जवळ केली.

गोगलगाय पृष्ठभागाशी असताना तिच्यावरून हाताची सावली झटकन फिरवा. छिद्र मिटेल, अंग आखडेल. जोरात दचकली तर ती फुप्फुसातली हवा सोडते आणि सरळ तळाशी जाते. बुडबुडा वर येताना दिसतो. ती हवा तिला पाण्यात तोलूनही धरत असते.

चाल

काचेवरून चालणाऱ्या फायसाच्या पायाचा तळवा बाहेरून बघितला तर तो गुळगुळीत सरकताना दिसतो. तळव्यावर सूक्ष्म केसांचे आवरण असते. ते एका लयीत हलतात आणि गोगलगाय स्वतःच सोडलेल्या चिकट द्रवाच्या थरावरून पुढे जाते. हाच थर पाण्याच्या पृष्ठभागाला खालून चिकटतो आणि ती तिथे उलटी लटकून चालू शकते. फायसा पाण्यात श्लेष्माचे तंतूही ताणते, आणि आधाराशिवाय मधोमध वर चढणारी गोगलगाय दिसली तर ती अशाच तंतूवर असते. तंतू स्वतः दिसत नाही. बारीक काडी तिच्या मागून अलगद फिरवली की तंतू अडकून गोगलगाय ओढली जाते.

शत्रू कोण आहे त्याप्रमाणे फायसाचे वागणे बदलते. पाण्यात शेवंड्याच्या जातीच्या गोड्या पाण्यातल्या प्राण्याचा आणि चिरडलेल्या गोगलगायींचा वास आला की ती पृष्ठभागाकडे, कधी पाण्याबाहेरही सरकते. तोच वास गोगलगायी खाणाऱ्या माशाचा असेल तर आडोशाखाली जाते. जळू अंगाला लागली तर शंख जोरजोरात हलवून तिला झटकते. यासाठी गोगलगाय चिरडण्याचा प्रयोग मात्र करू नका.

अंडी

काचेवर पारदर्शक, जेलीसारखा पुंजका दिसला की त्या दिवसाची तारीख बरणीवर लिहा. फायसाच्या पुंजक्यात काही डझन अंडी असतात, मोठ्या लिम्नियाच्या पुंजक्यात शंभराच्या आसपासही. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन रोज एकाच वेळी बघा. काही दिवसांत अंड्यातला ठिपका स्वतःभोवती फिरताना दिसेल. गर्भावरच्या सूक्ष्म केसांमुळे तो असा गरगरत असतो. मग शंखाची बारीक टोपी दिसते, दोन काळे डोळे उमटतात, आणि हृदयाचे ठोके मोजता येतात. वीस अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण एक ते दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात, थंडीत जास्त दिवस लागतात.

या गोगलगायी उभयलिंगी असतात. जोडीदाराचे शुक्राणू त्या अनेक आठवडे साठवू शकतात, त्यामुळे एकटीच आणलेली गोगलगाय अंडी घालू लागली तर नवल नाही. जन्मापासून एकटी वाढलेली फायसासुद्धा शेवटी स्वतःच फलन करून अंडी घालते, पण जोडीदार मिळालेल्यांपेक्षा उशिरा. आधी ती वाट बघते.

शंखाच्या वळणाचीही एक कथा याच अंड्यांत आहे. लिम्नियाच्या कुळात कधीतरी डाव्या वळणाचे पिल्लू निपजते. त्याचे वळण त्याच्या स्वतःच्या जनुकांनी ठरत नाही, आईच्या जनुकांनी ठरते, हे १९२३ मधल्या संशोधनातून पुढे आले. कारण अंडे तयार होताना आई त्यात जे घटक भरते, तेच पहिल्या काही पेशी कुठल्या दिशेला वळतील हे ठरवतात. २०१९ मध्ये लिम्निया स्टॅग्नॅलिसचे एक जनुक निकामी करून संशोधकांनी उजव्या वळणाच्या जातीत डाव्या वळणाच्या गोगलगायी जन्माला घातल्या. तुमच्या बरणीत असे उलटे पिल्लू निघाले तर त्याला वेगळे ठेवा आणि त्याची नोंद नीट करा. सरळ वळणाच्या जोडीदाराशी त्याचे मीलन जुळणे अवघड असते.

जास्त झाल्या तर

होतीलच. खाणे कमी केले की अंडीही कमी होतात, आणि नको असलेले पुंजके ताजे असतानाच खरवडून कोरड्या फडक्यात पूर्ण वाळवावेत. बरणीतल्या गोगलगायी किंवा वनस्पती नाल्यात, तळ्यात, नदीत सोडू नका. फायसासारखी गोगलगाय जगभर अशीच पसरली. किती कमी आधाराने ही पिल्ले प्रवास करतात हे चार्ल्स डार्विनने तपासले होते. त्याने बदकाचे पाय पाण्याच्या टाकीत टांगले. नुकती जन्मलेली पिल्ले त्यांना इतकी घट्ट चिकटली की झटकूनही सुटेनात, आणि दमट हवेत बारा ते वीस तास जिवंत राहिली. म्हणून बरणीचे पाणी बदलताना जुने पाणी बारीक कापडातून गाळा, उन्हात तापलेल्या कोरड्या मातीवर ओता, आणि ते कापड वाळल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या पाण्यात बुडवू नका.