माझगाव पायी कसे पाहावे

मुंबई बंदराच्या पाठीशी वसलेले माझगाव पाहायचे असेल तर रविवारची सकाळ निवडावी आणि हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरावे.

पहिल्यांदा समुद्राकडे न जाता स्थानकाला लागूनच असलेल्या भंडारवाड्याच्या टेकडीवर चढावे. जलाशयावर केलेल्या या बागेला लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि 1925 मध्ये मुंबईचे महापौर झालेले जोसेफ 'काका' बाप्टिस्टा यांचे नाव आहे. इथेच माझगावचा किल्ला होता, आणि 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली तेव्हा तो त्याच्या ताब्यात गेला होता. कठड्याशी उभे राहून रूळ, गोदामे, क्रेन आणि त्यांच्यापलीकडचे पाणी हा क्रम नीट लक्षात ठेवावा, कारण एकदा खाली उतरल्यावर बराच वेळ पाणी पुन्हा दिसत नाही.

तिथून म्हातारपाखाडीत जावे. लाकडी सज्जे आणि बाहेरून चढणारे जिने असलेली ही घरे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती, कुटुंबांची आहेत आणि गल्ली म्हणजे त्यांचे अंगण आहे. त्यामुळे क्रुसापाशी थांबावे, पण कोणाच्या दारात कॅमेरा रोखू नये. नवाब टँक रस्त्यावरचे चिनी मंदिर वाटेत पाहून घ्यावे.

खरी अडचण पुढे येते, ती समुद्रापर्यंत पोहोचण्याची, आणि मलाही सुरुवातीला हाच टप्पा जड गेला. 'पूर्वेकडे चालत राहा, समुद्र लागेलच' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो इथे सपशेल चुकीचा आहे. 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाल्यानंतर भराव घालून आणि गोद्या बांधून हा किनारा बंदराच्या कामासाठी घडवला गेला, आणि आजही रहिवासी वस्ती व पाणी यांच्यामध्ये रेल्वे, ट्रेलरांचा रस्ता आणि गोदीची लांबच लांब भिंत आहे. मोबाइलचा नकाशा गोदीच्या आतले रस्तेही सार्वजनिक रस्त्यांसारखेच दाखवतो; त्याच्या भरवशावर चालणारा माणूस फाटकापाशी पोहोचतो आणि तिथला जवान त्याला परत पाठवतो. त्या जवानाशी हुज्जत घालू नये. माझगाव डॉकमध्ये युद्धनौका आणि पाणबुड्या बांधल्या जातात, म्हणून फाटकांचे, भिंतींचे किंवा पहाऱ्याचे फोटो काढण्याचा मोहही कटाक्षाने टाळावा.

सर्वसामान्य माणसाला पाण्यापर्यंत नेणारी इथली भरवशाची जागा एकच, ती म्हणजे भाऊचा धक्का. नकाशा बंद करून तिकडची वाट टपरीवाल्याला किंवा हमालाला विचारावी. भिंतीलगत चालण्याचा हट्ट मात्र करू नये, कारण तिथे पदपथ अनेकदा तुटलेला किंवा उभ्या वाहनांनी अडलेला असतो आणि मग भर रस्त्यात उतरावे लागते. लांब ट्रेलर वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा बरीच आत कापतात, आणि भिंत व ट्रेलर यांच्यामधल्या फटीत उभा असलेला माणूस चालकाला दिसत नाही. म्हणून कोपऱ्यावर ट्रेलर दिसला की तो पूर्ण वळेपर्यंत चार पावले मागे थांबावे. रविवारी ही वर्दळ कमी असते. इतर दिवशी जायची वेळ आली, तर एवढा तुकडा बसने किंवा टॅक्सीने जाण्यात काहीही कमीपणा नाही.

धक्क्यावरचा मासळीचा लिलाव याच फेरीत उरकण्याच्या फंदात पडू नये. तो पहाटेचा असतो, त्याला वेगळा दिवस द्यावा. शिवाय 1 जून ते 31 जुलै या काळात मासेमारी बंद असल्याने तेव्हा तो पाहायला मिळत नाही.

पाय थकले नसतील तर धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची लाँच पकडावी. भंडारवाड्यावरून पाहिलेला किनारा तिच्यावरून उलट्या बाजूने दिसतो. भरती-ओहोटीप्रमाणे आणि पावसाळ्यात लाँचच्या वेळा बदलतात, म्हणून परतीची शेवटची फेरी केव्हा आहे हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.