पक्षाघातानंतर तोल सावरताना तळपायालाही कामाला लावा

पक्षाघातातून उठलेला माणूस उजेडात बरा चालतो, पण अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की डगमगतो. तळपायाकडून येणारी खबर पुसट झालेली असते आणि सगळी भिस्त डोळ्यांवर असते. तेव्हा रोज १०-१५ मिनिटं पायाची शिकवणी घ्या.

१. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय अनवाणी. जाड टॉवेल, खरखरीत पायपुसणं, स्पंज, गुळगुळीत पुठ्ठा असं काहीबाही जवळ ठेवा.

२. आधी बघत बघत कमजोर पाय प्रत्येकावर हळू फिरवा. मग डोळे मिटा. घरातल्या कुणीतरी वस्तू बदलायची, तुम्ही ओळखायची. चुकलात तर डोळे उघडून बघा, चांगल्या पायाने तीच वस्तू चाचपा आणि लगेच पुन्हा कमजोर पायाने. कंटाळवाणं वाटतं, पण हा भाग गाळू नका. खरा सराव इथेच होतो. नुसतं घासत बसणं म्हणजे मालीश.

३. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावरच उभ्याने करा: खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ, समोर जड खुर्ची, पाय जरा फाकवलेले. डोळे मिटून १० सेकंद. स्थिर वाटलं तर पाय थोडे जवळ आणा.

उभ्याने करताना कमजोर बाजूला माणूस हवाच. आणि बधिर पायाखाली टोकदार किंवा गरम काही ठेवू नका. जखम झाली तरी कळत नाही. झाल्यावर तळवा एकदा नीट बघून घ्या.