बंदुकीच्या लायसन्ससाठी पोलिसांची चौकशी: काय विचारतात आणि काय तयारी ठेवायची

गेल्या काही महिन्यांत गावातल्या दोन-तीन जणांनी मला हेच विचारलं, दादा फॉर्म तर भरला, आता ठाण्यातून फोन आलाय, तिथे काय विचारणार? प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. माझं लायसन्स शेती संरक्षणाचं आहे, कोकणात काजू-नारळाची बाग, बाबांच्या नावावर ठासणीची (नळीत दारू ठासून भरायची) बंदूक होती, ते गेल्यावर आधी ती ठाण्यात जमा केली आणि मग वारसाने माझ्या नावावर लायसन्स मागितलं, त्यामुळे चौकशीच्या सगळ्या पायऱ्या मी स्वतः चढलोय. आणि हो, बापाचं होतं म्हणून पोराला आपोआप मिळतं असं अजिबात नाही, वारसालाही पूर्ण चौकशीतून जावंच लागतं.

कायदा सगळ्यांना एकच, 1959 चा शस्त्र अधिनियम आणि 2016 चे शस्त्र नियम. जिल्ह्यात लायसन्स कलेक्टर देतात, जिल्हा दंडाधिकारी म्हणून, आणि मुंबई, पुणे, नागपूरसारख्या आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्त. अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याचा रिपोर्ट मागवायचा हे कलम 13 मध्येच लिहिलंय. म्हणजे हवालदार घरी येतो तो संशय आहे म्हणून येत नाही, प्रत्येकाकडेच येतो. हे घरच्यांना आधी सांगून ठेवा! माझ्या आईने दारात पोलीस बघितला आणि तिचे हातपायच गळाले, मी बागेत होतो, मला हाक मारायला पोरगा पळत आला.

साधारण क्रम असा असतो. अर्ज कलेक्टर ऑफिसमधून एसपी ऑफिसला, तिथून डीवायएसपीमार्गे आपल्या ठाण्याला येतो, आणि ठाण्यात गोपनीयचं काम बघणारा जो हवालदार असतो (पासपोर्टचं व्हेरिफिकेशन करतो तोच बहुतेक) त्याच्या हातात फाइल पडते. तो तुमचा जबाब घेतो, शेजाऱ्यांचे घेतो, पोलीस पाटलांना विचारतो, रेकॉर्ड तपासतो. मग अर्ज ज्या वाटेने खाली आला त्याच वाटेने रिपोर्ट वर जातो. बऱ्याच ठिकाणी तहसीलदार, प्रांत, शेतीचं लायसन्स असेल तर वन खातं, यांचेही अहवाल मागवतात. ठाण्याने रिपोर्ट 30 दिवसांत द्यायचा आणि तो मिळाल्यावर 60 दिवसांत निर्णय व्हायचा असं नियमात आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, तेव्हा मनाची तयारी ठेवा. माझी फाइल एका टेबलावर चार महिने पडून होती, का तर एका शेजाऱ्याच्या जबाबावर सहीच नव्हती, आणि हे कोणी सांगितलंच नाही, मीच तिसऱ्यांदा विचारायला गेलो तेव्हा कळलं. म्हणून महिना-दीड महिन्याने एकदा जाऊन फाइल कुठे आहे ते शांतपणे विचारत जा, आवक नंबर लिहून घेत जा.

आता खरी गोष्ट, जबाब. हवालदारसाहेब ओटीवर बसले, पाणी प्यायले, आणि पहिला प्रश्न बंदुकीचा नव्हताच. घरात कोण कोण असतं, कोण काय करतं, उत्पन्न किती, इथे किती वर्षं राहता. मग बंदूक कशाला पाहिजे. इथे लोक चुकतात, संरक्षणासाठी एवढं एकच बोलून गप्प बसतात. कोणापासून, कशाचं, कधी काय झालं, हे सांगावं लागतं. मी सातबारा, आठ अ, पीक पाहणीची नोंद काढून ठेवली होती, वानरांनी टाकलेल्या शहाळ्यांचे फोटो होते, रानडुकरांनी भाताचं शेत उलथून टाकलं त्या वेळचा वन खात्याचा नुकसानीचा पंचनामा होता. हा पंचनामा लाखमोलाचा कागद आहे, भरपाई किती का तुटपुंजी मिळेना, अर्ज करून पंचनामा करून घेत जा.

शहरातल्या माणसाला हाच प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. सराफ, पेट्रोल पंपवाला, रोज रोकड घेऊन फिरणारा, त्याच्याकडे धंद्याचे कागद, रिटर्न, बँकेतल्या भरण्याचे उतारे मागतात, आणि धमकी आली असं म्हणत असाल तर तेव्हा तक्रार केली होती का, एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) कुठाय, हे लगेच येणार. धमकी आली पण ठाण्यात कळवलं नाही, हे उत्तर फार लंगडं पडतं. नेमबाजीसाठी हवं असेल तर लायसन्सधारक शूटिंग क्लबचं किंवा रायफल असोसिएशनचं दोन वर्षांचं सक्रिय सभासदत्व दाखवावं लागतं, तिथे पावत्या आणि स्कोअर बोलतात.

परत ओटीवर. बंदूक कुठे ठेवणार, हवालदाराने विचारलं. मी माजघरातल्या भिंतीवरची खुंटी दाखवली, बाबांची कायम तिथेच असायची, मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. ते काही बोलले नाहीत, फक्त खाली बघितलं, माझा सहा वर्षांचा पुतण्या तिथेच जमिनीवर गाडी फिरवत बसला होता, बाजूला लाकडी स्टूल. मग म्हणाले, "हा स्टुलावर चढला तर हात पोचतो की नाही?" माझ्या पोटात गोळा आला. त्याच आठवड्यात कुडाळला जाऊन कुलपाचं लोखंडी कपाट आणलं, भिंतीला बोल्टने बसवलं, बंदुकीची दारू आणि केपांसाठी (ती पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) दुसऱ्या खोलीत वेगळी पेटी केली, चाव्या माझ्याकडेच. फोटो काढून ठाण्यात नेऊन दिले तेव्हा त्यांनी ते रिपोर्टला लावले. तेव्हा तुम्ही कपाट आधीच करा, सांगण्याची वाट बघू नका, आणि ते लायसन्ससाठी नको, त्या पोरासाठी करा.

पुढचे प्रश्न टोचणारे असतात. दारू पिता का, किती? बायकोशी भांडणं? भाऊबंदकी? कोकणात या शेवटच्या प्रश्नातून कोणीच सुटत नाही, सामाईक सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, अर्धी मुंबईत, आणि एखादा तरी वाद असतोच. माझ्या चुलत भावाशी वाटेवरून दिवाणी दावा चालू आहे, ते मी स्वतःहून सांगितलं, दाव्याची प्रतही दिली आणि म्हणालो की साहेब त्याचाही जबाब घ्या. घेतला त्यांनी. तो काय बोलला ते मला नंतर पोलीस पाटलांकडून कळलं, म्हणाला, "आमचा वाटेचा भांडाण हा, ता कोर्टात हा, पण तो कोणाक बंदूक दाखवणारो माणूस नाय." आमचं आजही जेमतेम बोलणं आहे, पण त्या एका वाक्यासाठी मी त्याचा ऋणी आहे. हाच वाद मी लपवला असता आणि त्याच्याकडून बाहेर आला असता तर?

केस असेल तर तीही सांगा. मारामारीची जुनी केस, कोर्टात निर्दोष सुटलात, आपसात मिटवलं, चॅप्टर केस (शांतता राखण्यासाठी पोलिसांची प्रतिबंधक कारवाई) झाली होती, काहीही असो, त्यांच्या कॉम्प्युटरवर ते निघतंच, निकालाची प्रत आपल्या हाताने द्या. कायद्याने सरळ अडतं ते इथे: वय 21 च्या खाली असेल, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा होऊन ती संपल्याला पाच वर्षं झाली नसतील, किंवा शांतता राखण्याचा बाँड अजून चालू असेल. बाकी नुसती केस होती म्हणून नकारच मिळेल असं नाही, अधिकारी प्रकरण बघून ठरवतात. पण माहिती लपवून लायसन्स मिळवलं तर कलम 17 खाली ते नंतर कधीही रद्द होऊ शकतं, मग दहा वर्षांनी का कळेना. आणि जमीन कमी आहे, पैसा कमी आहे म्हणून घाबरू नका, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने नकार देता येत नाही, हेही कलम 14 मध्ये स्पष्ट आहे.

डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, शरीराचं आणि मनाचंही. याबद्दल मनापासून एक सांगतो. घरात कोणी खचलेलं असेल, कर्जाने म्हणा, आजाराने म्हणा, दारूने म्हणा, मग ते तुम्ही स्वतः असाल तरी, तर अर्ज आत्ता करू नका. एखादं वर्ष वानरांनी नारळ खाल्ले तर खाल्ले.

शेजाऱ्यांचं काय? दोघा-तिघांना तरी विचारतात, आणि कोणाला विचारायचं ते हवालदार ठरवतो, तुम्ही नाही. त्यांना काय बोलायचं ते पढवायला जाऊ नका, लगेच कळतं, तिघांच्या जबाबात तेच शब्द आले की बघणाऱ्याला शंका येते. फक्त सांगून ठेवा की मी अर्ज केलाय, चौकशीला येतील, जे आहे ते सांगा. गावात आधी न सांगता अचानक पोलीस फिरला की कुजबुज सुरू होते, हा बंदूक कोणासाठी घेतोय म्हणून.

कोणी चहापाण्याचं सुचवलं तर देऊ नका. मी दिलं नाही, उशीर झाला, पण काम झालं. लाचलुचपत खात्याचा 1064 नंबर त्यासाठीच आहे.

शेवटचा इंटरव्ह्यू कलेक्टर ऑफिसला, शहरात असाल तर बहुतेक डीसीपींसमोर. प्रत्येकाला बोलावतातच असं नाही. माझा सात-आठ मिनिटांत झाला. फाइल समोर उघडी असते आणि ते तुमचं बोलणं जबाबाशी ताडून बघतात, म्हणून ठाण्यात काय सांगितलं ते वाचून सही केलेली असली पाहिजे, घाईत सही करू नका, चुकीचं लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करायला लावा. मला विचारलं, बंदूक तुमच्याशिवाय कोण वापरणार? कोणी नाही. गडी वापरणार का? नाही. लग्नात, शिमग्याला बार काढणार का? नाही साहेब. 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाने हवेत बेफिकीर गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे माहीत असलेलं बरं. मग विचारलं, डुक्कर आलं तर मारणार? इथे फुशारकी मारणारे अडकतात. बंदुकीचं लायसन्स म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे, त्याला वन खात्याची वेगळी परवानगी लागते, आणि गवा-बिबट्याचा तर विचारही करायचा नाही. मी म्हटलं, परवानगी असेल तरच, नाहीतर हवेत बार काढून हाकलणार.

नकार आला तर कारण लेखी मागा. अपवाद सोडले तर कारण द्यावं लागतं. तीस दिवसांत अपील करता येतं, कलेक्टरच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, आम्हा कोकणवाल्यांना बेलापूरच्या कोकण भवनात, आणि पोलीस आयुक्तांनी नाकारलं असेल तर राज्य सरकारकडे.

लायसन्स आता पाच वर्षांचं मिळतं. आणि प्रत्येक निवडणुकीला आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. आली की ठरलेल्या मुदतीत ठाण्यात जाऊन जमा करा, पावतीवर बंदुकीचा नंबर नीट लिहिलाय का ते तिथेच उभं राहून बघा, आणि पावती कपाटात लायसन्सच्या पुस्तकाबरोबर ठेवा, परत घेताना तीच मागतात.